व्हिगाबॅट्रिन चालू असेल तर डोळे असे तपासून घ्या

फिटच्या गोळ्यांमध्ये व्हिगाबॅट्रिन असेल तर गोळी सुरू होतानाच, फार तर ४ आठवड्यांत, पेरिमेट्री (कडेचं कुठपर्यंत दिसतं ते मोजायची टेस्ट) करून घ्या, म्हणजे पुढे तुलना करायला काहीतरी हातात राहतं. नुसता अक्षरांचा तक्ता वाचून कळत नाही बरं का! या गोळीने नजर कडेने जाते, मधली बराच काळ शाबूत, त्यामुळे माणूस पेपर आरामात वाचतो पण बाजूने आलेली रिक्षा दिसत नाही, चौकटीला खांदा आपटतो आणि घरचे म्हणतात धांदरट आहे. ३० टक्के किंवा जास्त पेशंटना हे होतं, आणि गेलेली नजर परत येत नाही.

टेस्टला एक डोळा झाकतात, समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं, कडेला लाईट चमकला की बटण दाबायचं. जाम कंटाळवाणं, झोप नीट काढून जा नाहीतर रिपोर्ट उगाच खराब येतो. दर ३ महिन्यांनी करा. तान्ह्या बाळाला हे कसं जमणार, त्याच्यासाठी ईआरजीचं (डोळ्याच्या पडद्याचे विजेचे सिग्नल मोजायची टेस्ट) विचारा.

रिपोर्ट बिघडला तरी गोळी मनाने बंद करू नका, फिट्स उसळतात, डोस हळूहळूच उतरवतात. टोपिरामेट (फिटचीच दुसरी एक गोळी) नवीन सुरू झालीय आणि डोळा अचानक दुखून धुरकट दिसायला लागलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.