व्यापार आणि प्रादेशिक विषमता : विद्यार्थ्यांचा विचार तपासणारा प्रश्न कसा काढावा

‘प्रादेशिक असमतोलाची कारणे लिहा’ हा प्रश्न नववी-दहावीला ठरलेला असतो आणि प्राकृतिक रचना, दळणवळण, शिक्षण, भांडवल हे त्याचे उत्तरही ठरलेले असते. असे उत्तर तपासताना आपण पाठांतर तपासत असतो. विचार तपासायचा असेल, तर आवश्यक ती माहिती प्रश्नातच द्यावी आणि तिच्यात एक अडचण ठेवावी, म्हणजे मुलाला आठवण्याऐवजी जुळवाजुळव करावी लागते.

खानदेशात त्यासाठी दोन वस्तू पुरतात : रावेर-यावलची केळी आणि सातपुड्यातील धडगावचा आमचूर. प्रश्नाच्या वर आठ-दहा ओळींत साधी माहिती द्यावी. केळीला तापीखोऱ्याची काळी जमीन, विहिरी-कूपनलिकांचे पाणी, भुसावळ-खंडवा लोहमार्गावरची सावदा व रावेर ही स्थानके आणि उत्तर भारताची बाजारपेठ लाभली आहे. मात्र घड कापल्यावर माल थांबत नाही. धडगावकडे उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, त्यांच्या फोडी उन्हात वाळवून आमचूर करतात. तालुक्यात रेल्वे नाही, पण वाळलेला माल महिनोन्‌महिने टिकतो. यानंतर प्रश्न असा विचारावा : ‘टिकणारा माल विकणाऱ्याला चांगल्या भावाची वाट पाहता यायला हवी. तरीही आमचूर विकणारे कुटुंब पुष्कळदा थांबत नाही, याचे कारण काय असावे? तेच कारण केळी उत्पादकाला लागू पडते का?’

या प्रश्नातली खोच दुसऱ्या वाक्यात आहे. धड्यातले कोणतेही एक कारण तेथे पुरत नाही आणि हुशार समजला जाणारा विद्यार्थीही थबकतो.

माझ्याकडे आलेली दोन उत्तरे येथे देतो. पहिले सुवाच्य अक्षरातले : ‘धडगाव हा दुर्गम व डोंगराळ भाग असून तेथे रस्ते व शिक्षणाचा अभाव असल्याने लोक मागास राहिले.’ दुसऱ्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या, त्या दुरुस्त करून लिहितो : ‘आमचूर टिकतो पण घरात पैसा टिकत नाही. पाऊस पडायच्या आधी बियाणं घ्यावं लागतं, म्हणून जो येईल त्याला विकतात. केळीवाला पण थांबू शकत नाही, पण त्याला तीन-चार व्यापाऱ्यांना फोन करता येतो.’ सवयीने हात पहिल्या उत्तराकडे वळतो, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

पाच गुणांपैकी दिलेल्या माहितीचा वापर केल्यास एक, कारणापासून परिणामापर्यंतची साखळी न तुटता दाखवल्यास दोन, दोन्ही प्रसंगांतला फरक ओळखल्यास एक आणि खात्रीने सांगण्यासाठी आणखी कोणती माहिती लागेल हे लिहिल्यास एक, अशी विभागणी करावी. ‘दुर्गम’ हा शब्द आला म्हणून गुण देऊ नये. दुर्गमतेमुळे खरेदीदार कमी येतात, त्यामुळे भाव पाडून मागितला जातो, हे मुलाने सांगितले तरच ते कारण ठरते. या मोजणीत पहिल्या उत्तराला एक आणि दुसऱ्याला चार गुण मिळाले. लिहिण्यात अडखळणाऱ्या मुलांना अहिराणीत किंवा पावरीत तोंडी उत्तर देऊ द्यावे, कारण येथे प्रमाणभाषेची परीक्षा नाही.

इतिहासाच्या तासाला हाच साचा कापसासाठी वापरता येतो. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात हिंदुस्थानी कापसाचा भाव चढला आणि युद्ध संपल्यावर कोसळला; तेजीतला पैसा कोणाकोणाच्या हाती थांबला असेल, एवढेच विचारावे.

वरच्या इयत्तांना सरासरीचा प्रश्न द्यावा. अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागांची तूट, मोजणाऱ्या दांडेकर समितीचा अहवाल १९८४ साली आला आणि १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र अशी तीन विकास मंडळे झाली. खानदेश तिसऱ्यात, म्हणजे मुंबई-पुण्याच्या पंक्तीला बसला. धडगाव ज्यात येते तो नंदुरबार जिल्हाही १ जुलै १९९८ पर्यंत धुळ्यातच होता. ‘मोजणीची सीमा बदलली की कोण दिसू लागते आणि कोण दिसेनासे होते?’ हा प्रश्न विचारून आधी तालुक्याचे आणि मगच विभागाचे आकडे मुलांपुढे ठेवावेत. क्रम उलटा झाला, तर मुले विभागाची सरासरी हेच उत्तर समजतात.

तपासलेली वही परत देताना गुणांशेजारी एकच प्रश्न लिहावा. त्या सुवाच्य उत्तराशेजारी मी लिहिले होते, ‘रस्ता नसला की आमचुराच्या भावाचे नेमके काय होते?’, आणि नवे उत्तर लिहिण्यासाठी दोन दिवस दिले होते.