कॅम्पर व्हॅनचं सामान साताऱ्यात वेळेवर कसं मागवावं

कॅम्पर व्हॅन म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय केलेली गाडी. तिच्या सामानाची ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला एकच विचारा: माल हातात आहे, की मागणी आल्यावर मागवणार? उशीर बहुतेक वेळा रस्त्यात नाही, तर माल बाहेर पडण्याआधीच होतो. ‘शिप्ड’ म्हणजे नुसतं लेबल छापलेलंही असू शकतं. ट्रॅकिंगवर पहिलं पिकअप स्कॅन (कुरिअरने माल उचलल्याची नोंद) दिसलं की दिवस मोजायला लागा.

लिथियम बॅटरी सगळ्यात आधी मागवा. १२ व्होल्ट, १०० एएच (अँपिअर-तास) क्षमतेची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी धोकादायक मालात मोडते. ती सहसा विमानाने येत नाही, ट्रकने येते. एक्स्प्रेसचे जादा पैसे भरण्यात अर्थ नाही. बुटेन गॅसचे डबेही सहसा विमानाने येत नाहीत.

अडीच मीटरचा ऑनिंग (गाडीच्या बाजूला उघडणारं छत) साध्या कुरिअरच्या मापात बसत नाही, ट्रान्सपोर्टने येतो. तेव्हा ‘गोडाऊन डिलिव्हरी’ की ‘डोअर डिलिव्हरी’ हे बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) लिहून घ्या, नाहीतर माल गोडाऊनला पडून राहतो आणि वर डेमरेज (माल पडून राहिल्याचं भाडं) लागतं. परराज्यातून ५०,००० रुपयांवरचा माल असेल तर ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र) लागतं. त्यातला वाहन क्रमांक चुकला तरी गाडी अडू शकते.

पत्त्यात ४१५००१ हा पिन साताऱ्याच्या मुख्य पोस्टाचा आहे. तुमच्या भागाचा पिन वेगळा असेल तर तोच टाका.

फ्यूज, लग (केबलच्या टोकाला बसवायचं धातूचं टर्मिनल), केबल, होज क्लिप मात्र ऑनलाइन मागवूच नका. ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात त्याच दिवशी मिळतात. पेटी उघडताना सलग व्हिडिओ काढा आणि खोका फाटलेला दिसला तर सही करण्याआधी पावतीवर तसा शेरा मारा.