पहिली रिग घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

स्कायडायव्हिंगचं पहिलं, म्हणजे ए लायसन्स हातात आलं की नव्या जंपरच्या डोक्यात एकच विषय घोळायला लागतो : स्वतःची रिग, म्हणजे पाठीवरचा पॅराशूटचा पूर्ण संच. विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या त्या भल्यामोठ्या कॅनॉपीचा (पॅराशूटच्या कापडी पंखाचा) कंटाळा आलेला असतो आणि विमानात शेजारच्याच्या पाठीवरची आटोपशीर, छान रंगसंगतीची रिग सारखी डोळ्यांत भरत असते. अमेरिकेतल्या यूएसपीए या संघटनेच्या नियमांप्रमाणे ए लायसन्ससाठी किमान २५ जंप लागतात. म्हणजे जेमतेम २५ वेळा उडी मारलेला माणूस पुढची काही वर्षं ज्यावर जीव टांगायचा, ती वस्तू निवडायला बसतो. घाई करू नका असं सगळेच सांगतात, पण का, ते फारसं कुणी सांगत नाही.

कारण सरळ आहे. लायसन्सनंतरच्या पहिल्या टप्प्यात तुमच्या कॅनॉपीचा आकार झपाट्याने बदलतो. शिकताना २३० ते २८० चौरस फुटांच्या कॅनॉपीखाली असलेला माणूस बघता बघता १९०वर येतो. याच काळात रिग विकत घेतली तर मनात हिशेब होतो : ‘आत्ता थोडी लहान पडेल, पण तोवर हात बसेल.’ गिअरच्या खरेदीत याहून धोकादायक वाक्य मी ऐकलेलं नाही. हात बसेपर्यंत जे लँडिंग होणार असतात, ते त्याच लहान कॅनॉपीखाली होणार असतात. मी स्वतः बराच काळ ड्रॉपझोनची (जिथून उड्या मारतात त्या तळाची) भाड्याची रिग वापरली. ती दिसायला काही खास नव्हती, पण आकार बदलायचा झाला की फक्त काउंटरवर सांगावं लागायचं.

आकार ठरतो विंग लोडिंगवर. विमानातून बाहेर पडताना तुमचं जे एकूण वजन असतं, म्हणजे शरीर, कपडे, हेल्मेट आणि पूर्ण रिग, ते पौंडांत घ्यायचं आणि कॅनॉपीच्या चौरस फुटांनी भागायचं. ७५ किलोच्या माणसाच्या अंगावर गिअरचे १२ किलो धरले तर ८७ किलो, म्हणजे साधारण १९२ पौंड. १९०च्या कॅनॉपीखाली त्याचं लोडिंग जवळपास १.० येतं, १५०खाली १.२८. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. जमिनीजवळ तो वेग, वळण आणि फ्लेअरच्या, म्हणजे उतरताना ब्रेक ओढून वेग मोडण्याच्या, वेळेत दिसतो. जंपरमंडळींत एक ठोकताळा प्रचलित आहे : सुरुवातीला १.०च्या वर जाऊ नये आणि नंतर दर १०० जंपमागे फार तर ०.१ वाढवावं. ही कमाल मर्यादा आहे. तिथपर्यंत पोचलंच पाहिजे असं कुणी म्हटलेलं नाही, पण पुष्कळ जण ती तशीच वाचतात.

हलक्या वजनाच्या लोकांना हा ठोकताळा फसवतो, आणि मी त्यांच्यातलीच आहे म्हणून यावर जरा जास्त बोलते. ५० किलोचं शरीर आणि ११ किलोचं गिअर मिळून सुमारे १३४ पौंड होतात. गणिताने १३५ची कॅनॉपी ‘सुरक्षित’ ठरते. पण कॅनॉपी लहान झाली की तिच्या दोऱ्याही आखूड होतात, ती टॉगलच्या, म्हणजे वळवण्याच्या मुठींच्या, थोड्याशा ओढीवर झपकन वळते आणि त्या वळणात उंचीही भराभर गमावते. लोडिंग तेच असलं तरी १३५ आणि १९० एकसारख्या वागत नाहीत. माझे लँडिंग पाहिलेल्या इन्स्ट्रक्टरने मला १७०वर थांबवलं होतं. लोडिंग ०.८च्या आत होतं, वारा वाढला की मला खाली बसावं लागायचं, इतर जण उडत असायचे. त्या वेळी चरफड व्हायची. आज कुणी हलकी मुलगी विचारायला आली की मीही तेच सांगते.

नवख्याला वाटतं, धोका म्हणजे पॅराशूट न उघडणं. खरं तर गंभीर अपघातांचा मोठा वाटा नीट उघडलेल्या, धडधाकट कॅनॉपीखाली घडतो. खाली कुणीतरी आडवं आलं, किंवा वाऱ्याची दिशा चुकली असं वाटलं, आणि जमिनीजवळ टॉगल जोरात ओढलं गेलं, की कॅनॉपी वळताना झेपावते आणि सावरायला उंची उरत नाही. म्हणून आकार कमी करण्याआधी सध्याच्या कॅनॉपीवर काही गोष्टी अंगवळणी पडलेल्या हव्यात : फार उंची न गमावता सपाट वळण घेणं, अर्ध्या ब्रेकमध्ये (टॉगल निम्मे ओढून) उतरणं, आडव्या वाऱ्यात उभ्याने लँडिंग, मागच्या रायझरने (खांद्यांवरच्या, दोऱ्या जोडलेल्या पट्ट्यांनी) वळवणं आणि फ्लेअर करणं (रायझरचा फ्लेअर आधी उंचावर घोटून), ठरवलेल्या जागेच्या आसपास उतरणं. यातलं एकही डळमळीत असेल तर डाउनसायझिंगचा विषय तिथेच मिटवावा. प्रकाराबद्दल फार विचार नको. नऊ सेलची (कप्प्यांची), चौकोनी किंवा किंचित लंबवर्तुळाकार, सौम्य स्वभावाची कॅनॉपी घ्या. झीरो पोरॉसिटी (हवा न झिरपणारं) कापड नवंकोरं असताना इतकं निसरडं असतं की पॅक करताना हातातून निसटत राहतं. काही शे जंप झालेली, चांगल्या अवस्थेतली कॅनॉपी त्या दृष्टीने नव्यापेक्षा बरी.

आता रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट. बहुतेक लोक मेनवर, म्हणजे मुख्य पॅराशूटवर, महिनाभर खल करतात आणि रिझर्व्ह जो येईल तो घेतात. जरा उलट विचार करून बघा. रिझर्व्हखाली तुम्ही कधी असाल? मेन बिघडल्यावर, बहुधा ठरलेल्या उंचीपेक्षा खाली, अनोळखी शेतावर किंवा छपरांच्या जवळ, छातीत धडधड चालू असताना. एएडीने (रिझर्व्ह आपोआप उघडणाऱ्या यंत्राने) तो उघडला असेल तर कदाचित बेशुद्धही. त्या क्षणी मोठं, सावकाश उतरणारं कापड डोक्यावर हवं. निर्मात्याने लेबलवर छापलेलं कमाल वजन ही तुमच्यासाठीची शिफारस नसते. नव्या जंपरचा रिझर्व्ह मेनच्या जवळपासच्या आकाराचा असावा, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून खरेदीचा क्रम असा : आधी मेनचा आकार, मग रिझर्व्हचा, मग दोन्ही नीट मावतील असा कंटेनर (पाठीवरची पिशवी), आणि त्याचं हार्नेस तुमच्या अंगाला बसणारं. बाजारात हे उलटं चालतं. कंटेनर आवडतो, त्यात मावेल ते कोंबलं जातं. हार्नेसच्या बाबतीत तडजोड तर अजिबात नको. ढिलं हार्नेस उघडताना अंगावर सरकतं, आणि त्याच्याबरोबर हँडलही ओळखीच्या जागेवरून सरकतात. घेण्याआधी ते घालून लटकून बघा, रिगरकडे (गिअर तपासणाऱ्या, पॅक करणाऱ्या तंत्रज्ञाकडे) त्याची सोय असते. डोळे मिटून कटअवेच्या (बिघडलेला मेन सोडून देण्याच्या) आणि रिझर्व्हच्या हँडलवर हात नेमका पडतो का ते पाहा.

एएडी, म्हणजे वेळेत हँडल ओढलं गेलं नाही तर रिझर्व्ह उघडणारं यंत्र. जर्मनीच्या एअरटेक कंपनीने १९९१मध्ये सायप्रेस बाजारात आणलं आणि हे इलेक्ट्रॉनिक यंत्र हळूहळू सगळीकडे पोचलं. त्याचं ‘एक्स्पर्ट’ मॉडेल सुमारे ७५० फुटांवर, वेग ताशी सुमारे १२६ किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर रिझर्व्हचा क्लोजिंग लूप (कप्पा बंद ठेवणारा दोरीचा फासा) कापतं. पोटावर पडणारा माणूस ताशी १९०-२०० किलोमीटरने येत असतो. त्या वेगाने ७५० फूट म्हणजे चार सेकंद. एवढ्यात रिझर्व्ह उघडायचा असतो. त्यामुळे एएडी आहे म्हणून निश्चिंत राहण्यासारखं त्यात काही नाही. ते जमिनीवर, ज्या ड्रॉपझोनवरून उडणार तिथेच सुरू करायचं, कारण ते तिथल्या हवेच्या दाबावरून शून्य ठरवतं. गाडीने वेगळ्या उंचीवरच्या ड्रॉपझोनला गेलात तर बंद करून पुन्हा सुरू करा. स्वूप, म्हणजे जमिनीलगत वेगाने, लँडिंग करणाऱ्यांसाठीची मॉडेलं वेगळी असतात. ती आपल्यासाठी नाहीत.

आरएसएलवरून ड्रॉपझोनच्या बाकावर तासन्‌तास वाद रंगतात. कटअवे केल्यावर मेनचा रायझर सुटता सुटता रिझर्व्हची पिन ओढणारी ही पट्टी. कॅमेरावाल्यांनी काय करायचं ते त्यांनी ठरवावं; नव्या जंपरने ती जोडलेलीच ठेवावी. पण तिच्या भरवशावर दुसरं हँडल सोडून द्यायचं नाही. आधी कटअवे, लगेच रिझर्व्ह, दोन्ही स्वतःच्या हाताने.

वापरलेली रिग घेण्यात कमीपणा काही नाही, पहिली रिग तशीच असलेली बरी. फक्त पैसे देण्याआधी ती तुमच्या ओळखीच्या रिगरने उघडून पाहिलेली असावी, विकणाऱ्याच्या नाही. प्रत्येक भागाची निर्मितीची तारीख, सध्याच्या दोऱ्यांवर झालेल्या जंप, रिझर्व्ह कधी वापरला गेला का, एएडीची सर्व्हिस आणि उरलेलं आयुष्य, आणि निर्मात्याची एखादी सुरक्षा सूचना या रिगला लागू आहे का, हे सगळं विचारा. दोऱ्यांचं एक गुपित आहे. स्पेक्ट्रा प्रकारच्या दोऱ्या स्लायडरच्या (उघडताना दोऱ्यांवरून खाली सरकणाऱ्या कापडाच्या) घर्षणाने तापून आखडतात, आणि त्याही सारख्या नाही, बाहेरच्या आणि ब्रेकच्या जास्त. कॅनॉपी मग एका बाजूला ओढते, कधी दणका देऊन उघडते, आणि नवा मालक आपल्याच पॅकिंगला दोष देत बसतो. दोऱ्या बदलल्या की तीच कॅनॉपी शहाण्यासारखी वागते.

रिग घरी आली की खरा भाग सुरू होतो. पॅकिंगमध्ये दोन गोष्टींवर माझी नजर हटत नाही. पहिली, पायलट च्यूट (मेनला बाहेर खेचणारं छोटं पॅराशूट) कॉक केलेलं, म्हणजे ताणून ठेवलेलं, आहे का. आजच्या बहुतेक रिगमध्ये ते उघडल्यावर आपोआप मिटतं. पुन्हा ताणून ठेवायला विसरलं तर ते हवेत फुगत नाही, नुसतं मागे फडफडत राहतं आणि कंटेनर बंदच. ब्रायडलवर (ते मेनशी जोडणाऱ्या पट्टीवर) त्यासाठी छोटी खिडकी असते, तिच्यात रंगीत दोरी दिसली पाहिजे. दुसरी गोष्ट क्लोजिंग लूप. तो कुसकरलेला, पिसारलेला दिसला की बदलायचा, ‘आजची जंप होऊ दे’ म्हणायचं नाही. तुटलेला लूप फ्रीफॉलमध्ये नको त्या क्षणी, नको त्या वेगात कंटेनर उघडतो.

गिअर चेक तीनदा : अंगावर चढवण्याआधी, विमानात बसण्याआधी, उडी मारण्याआधी. थ्री-रिंगच्या कड्या (कटअवे केला की मेन सोडणाऱ्या), छाती-पायाचे पट्टे, तिन्ही हँडल, मागच्या दोन्ही पिना, ब्रायडलचा मार्ग, एएडी सुरू, आरएसएल जोडलेली. विमानात पिन चेक मागायला लाजू नका. पाच हजार जंप झालेली माणसंही मागतात. पण न सांगता कुणी तुमच्या फ्लॅपखाली हात घालत असेल तर थांबवा. दार उघडं असताना पायलट च्यूटवर हात ठेवून सरका. ते तिथे बाहेर निसटलं तर तुम्हाला खेचून नेतं, आणि वाटेत विमानाचं शेपूटही असतं.

अल्टिमीटर मनगटावरचा हवाच. हेल्मेटमधला बीपवाला सोबतीला, त्याच्या जागी नव्हे. वाऱ्याच्या घोंघाटात आणि गडबडीत बीप ऐकू न येण्याचे प्रसंग सगळ्यांनाच येतात. ए लायसन्सवाल्याला यूएसपीएच्या नियमाने ३,००० फुटांपर्यंत उघडावं लागतं, आणि बिघाड असेल तर कटअवेचा निर्णय २,५०० फुटांपर्यंत घ्यावा अशी शिफारस आहे. फ्रीफॉलमध्ये हजार फूट साडेपाच सेकंदांत सरतात. मी अजूनही थोडी वरच उघडते.

कॅमेऱ्याचा मोह आवरा. त्यासाठी किमान २०० जंपची शिफारस आहे, आणि डोक्यावरच्या डबीत दोरी अडकण्याइतकंच त्यामागे आणखी एक कारण आहे : कॅमेरा लागला की माणूस उंचीऐवजी चित्रणाकडे लक्ष देतो.

देखभालीचं फार अवघड नाही. नायलॉनला ऊन खातं, म्हणून पॅक केलेली रिग उन्हात ठेवायची नाही, आणि आत एएडी असतं म्हणून तापलेल्या गाडीतही नाही. साधारण महिन्यातून एकदा थ्री-रिंग सोडवून रायझरच्या पट्ट्या हाताने वाकवून मऊ करा आणि कटअवेची केबल पुसून घ्या. कसं ते रिगर पाच मिनिटांत दाखवतो.

रिझर्व्ह मात्र रिगरच पॅक करतो. अमेरिकेत दर १८० दिवसांनी, इतरत्र तिथल्या नियमांप्रमाणे. मुदत संपत आली की रिग नुसती देऊन येऊ नका. ती अंगावर चढवा, पट्टे आवळा आणि रिगरसमोर आधी कटअवे, मग रिझर्व्हचं हँडल स्वतः ओढा. किती जोर लागतो, हँडल किती लांबपर्यंत खेचावं लागतं, एका हाताने जमतं की दोन लागतात, हे कळायची एवढी स्वस्त संधी दुसरी नाही. माझ्या पहिल्या रिगवर मऊ, उशीसारखं हँडल होतं आणि हातमोजा घालून ते नीट पकडीत येत नव्हतं. रिगरने त्याच रीपॅकमध्ये धातूच्या कडीचं बसवून दिलं.