बीजीएमआयवर डिझर्टेशन करायचंय? मग सिनॉप्सिस असं बांधा

सिनॉप्सिसवर 'ऑनलाइन गेम्सचा तरुणाईवर होणारा परिणाम : एक अभ्यास' असं लिहिलं असेल तर आधी ते खोडा. कुठले गेम्स, कुठली तरुणाई, कसला परिणाम, काहीच कळत नाही त्यातून, आणि व्हायवाला एक्स्टर्नल पहिला प्रश्न तोच विचारणार.

गेम एकच धरा. रमी, कँडी क्रश आणि बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजे पबजी मोबाइलचा भारतातला अवतार) एकत्र करून निष्कर्ष काढणारे पेपर भरपूर आहेत आणि ते निरुपयोगी आहेत असं माझं स्पष्ट मत. ऑगस्ट 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानेसुद्धा पैसे लावून खेळायचे गेम्स वेगळे काढून बंद केले आणि ईस्पोर्ट्सला (म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या गेम्सना) वेगळी मान्यता दिली, मग आपण का खिचडी करायची? प्रश्नही छोटा हवा. हॉस्टेलवर स्क्वॉड (चौघांची टीम) कसा जमतो, आयजीएल (इन-गेम लीडर, खेळताना टीमला सूचना देणारा) कोण होतो, टूर्नामेंटला जाताना घरी काय सांगतात. एवढ्यावर अख्खं डिझर्टेशन उभं राहतं.

बीजीएमआय घ्या म्हणतो त्याला कारण आहे. पबजी मोबाइल आपल्याकडे 2018 ला आला, 2 सप्टेंबर 2020 ला 118 अॅप्सवर बंदी आली त्यात तो होता, ऑक्टोबरअखेर सर्व्हरही बंद झाले, मग 2 जुलै 2021 ला बीजीएमआय आला, जुलै 2022 मधे तोही स्टोअरवरून उडाला आणि मे 2023 मधे परत आला. म्हणजे गेम होता, नव्हता, परत आला, असा काळ तुम्हाला आयता मिळतोय, एरवी असा प्रयोग करायला कोण देणार! त्या मधल्या महिन्यांत काय केलं ते विचारा, ग्रुप टिकला का, अभ्यास खरंच वाढला का, की सगळे फ्री फायर या तशाच दुसऱ्या गेमवर गेले (तोही फेब्रुवारी 2022 मधे बॅन झालाच). फक्त दोन गोष्टी सांभाळा. पहिल्या बंदीच्या वेळी कॉलेजंच बंद होती, त्यामुळे जे काही बदललं ते गेममुळे की कोविडमुळे हे सांगता येत नाही. आणि 2022 ला ज्यांच्या फोनमधे गेम आधीपासून होता ते खेळतच होते, त्यामुळे 'बंदीत खेळलात का' असं न विचारता दोन्ही बंदींबद्दल वेगवेगळं विचारा.

आता तास. 'रोज किती तास खेळता?' हा प्रश्न प्रत्येक गूगल फॉर्ममधे असतो आणि त्याचं उत्तर कोणालाच नीट देता येत नाही. ऑक्सफर्डच्या अँड्र्यू प्रिझिबिल्स्की वगैरे मंडळींनी 2021 मधे दोन गेम्सच्या कंपन्यांकडून खेळल्याचा प्रत्यक्ष डेटा घेतला, 3,274 खेळाडू होते, आणि लोकांनी सांगितलेले तास त्या डेटाशी जुळेनात. वर जास्त खेळणारे जास्त दुःखी असंही काही निघालं नाही. कंपनी तुम्हाला डेटा देईल याची आशा नको, पण अँड्रॉइडच्या डिजिटल वेलबीइंगमधे अॅपनुसार वेळ दिसतो, मुलांकडून त्याचा स्क्रीनशॉट मागा, बहुतेक जण देतात.

'व्यसन' हा शब्द जपून. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 मधे गेमिंग डिसऑर्डर आहे, पण त्यात ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम वर जाणं, नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं, आणि हे साधारण 12 महिने, असं सगळं लागतं. गेमिंग कितपत हाताबाहेर गेलंय ते मोजणारी नऊ प्रश्नांची स्केल वापरता येते, ती मराठीत आणायची तर एकाने मराठीत करायची आणि दुसऱ्याने मूळ न बघता परत इंग्रजीत न्यायची, मग ताडून बघायचं. तरी स्कोअर म्हणजे निदान नव्हे, आपण सायकियाट्रिस्ट नाही. आणि मार्क कमी आणि गेम जास्त असं दिसलं तर आधी काय झालं हे एकदाच भरलेल्या फॉर्मवरून कळत नाही, नापास झाल्यावर गेममधे घुसलेली मुलंही असतात की.

18 च्या खालची मुलं घेतली तर आईवडिलांची लेखी संमती लागते, आणि आई बाजूला बसली की पोरगं 'मी फक्त रविवारी खेळतो' म्हणणार! एमएच्या वेळात बसवायचं तर 18 च्या वरचेच घ्या.

खरा माल फील्डवर मिळतो. ओळख काढून कस्टम रूमचा (फक्त बोलावलेल्यांसाठीच्या खासगी मॅचचा) आयडी-पासवर्ड मागा, नुसतं बघत बसा, पण अभ्यासासाठी आलोय हे आधी सांगून. मुली शोधा, बऱ्याच जणी माइक बंद ठेवून खेळतात, का ते त्यांनाच विचारा, तिथे एक स्वतंत्र प्रकरण दडलेलं आहे. लिहिताना खऱ्या नावांबरोबर गेममधली नावंही बदला, कारण ती सर्च केली की माणूस लगेच सापडतो. बोलणं हिंदी-मराठी-इंग्रजी मिक्स असेल तर तसंच उतरवा, शुद्ध करत बसू नका.

आणि इंटरव्ह्यू सीझन संपायच्या आठवड्यात ठेवू नका, सगळे रँक पुश करत असतात (म्हणजे गेममधली आपली पातळी वर नेण्यासाठी सतत खेळत असतात), कोणी फोनसुद्धा उचलत नाही.