१,२३,४५,६७,८९० चे मूळ अवयव कागदावर कसे काढावेत

शेवटी शून्य आहे, म्हणून १० ने भाग जातो. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ नेही जातो. उरते १,३७,१७,४२१.

आता ७, ११ आणि १३ एकदमच तपासा. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आलटून-पालटून वजा-अधिक करा: ४२१ − ७१७ + १३ = −२८३. २८३ ला तिघांपैकी कुणानेच भाग जात नाही, म्हणजे आपल्या संख्येलाही जात नाही.

खरी अडचण इथून पुढे. "१७, १९, २३ असे भागत राहा" हा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. या संख्येचे वर्गमूळ ३,७०३ आणि ३,७०४ यांच्या मध्ये आहे. सरळ भागत गेलात, तर पाचशेच्या आसपास मूळ संख्या तपासाव्या लागतील. मलाही पूर्वी सगळ्यात जास्त वेळ इथेच लागायचा.

त्याऐवजी फर्मा या सतराव्या शतकातल्या फ्रेंच गणितज्ञाची रीत वापरा: संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडायची. वर्गमूळाच्या लगेच पुढच्या पूर्णांकापासून सुरुवात करा. त्याच्या वर्गातून आपली संख्या वजा करा आणि उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का, ते पाहा. ३,७०४ घेतले तर २,१९५ उरतात. शेवटी ५ असलेला पूर्ण वर्ग नेहमी २५ वरच संपतो, म्हणून हे बाद. ३,७०५ घेतले तर ९,६०४, म्हणजे ९८ चा वर्ग! ३,७०५ आणि ९८ यांची बेरीज-वजाबाकी करा, की दोन अवयव मिळतात: ३,८०३ आणि ३,६०७.

खरे तर ३,७०४ तपासायचीही गरज नव्हती. संख्येला ४ ने भागून बाकी १ उरत असेल, तर फक्त विषम संख्या घ्यायच्या; बाकी ३ असेल, तर फक्त सम. निम्मे काम वाचते. फर्माने १६४३ मध्ये फोडलेली २,०२,७६,५१,२८१ घ्या. ती ४५,०४१ चा वर्ग वजा १,०२० चा वर्ग आहे. विषमच तपासल्या, तर सहाव्या प्रयत्नात सुटते.

मात्र दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच ही रीत झटपट चालते. वीस-पंचवीस प्रयत्नांत वर्ग सापडला नाही, तर हट्ट सोडा आणि भागाकाराकडे वळा.

सापडलेले अवयव मूळ आहेत, हे गृहीत धरू नका. ३,६०७ ला ५९ पर्यंतच्या आणि ३,८०३ ला ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहा. बरेच जण ही पायरी गाळतात आणि मग पुढचे सगळे अंदाजावर उभे राहते. इथे दोन्ही मूळ संख्याच निघतात.

तर अवयव झाले २ × ३² × ५ × ३,६०७ × ३,८०३. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा: २ × ३ × २ × २ × २ = ४८ विभाजक. त्यांची बेरीज (१ + २) × (१ + ३ + ९) × (१ + ५) × (१ + ३,६०७) × (१ + ३,८०३), म्हणजे ३ × १३ × ६ × ३,६०८ × ३,८०४, म्हणजेच ३,२१,१६,१०,६८८. त्यातून मूळची संख्या वजा केली, तरी १,९७,७०,४२,७९८ उरतात. म्हणजे तिच्याहून लहान विभाजकांची बेरीज तिच्यापेक्षा मोठी आहे.