पाऊल बाहेर वळलंय? आधी गुडघ्याची वाटी बघा

पेशंटला उताणं झोपवून पाय सैल सोडायला सांगा. दोन्ही पावलं थोडी बाहेर कलतातच. एकच पाऊल जास्त कललं असेल तर मसाजसाठी लगेच कुल्ल्यावर कोपर रोवू नका, आधी गुडघ्याच्या वाट्या बघा. वाटीही बाहेर वळली असेल तर पीळ खुब्यात आहे. वाटी छताकडे सरळ आणि पाऊल तेवढं बाहेर असेल, तर पीळ गुडघ्याखाली. तो बऱ्याचदा नडगीच्या हाडाचाच असतो आणि मसाजने सुटत नाही.

वयस्कर माणूस पडला आणि त्यानंतर पाय बाहेर वळून आखूड दिसू लागला, तर चोळू नका, हलवूही नका. खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. थेट हॉस्पिटल.

खुबा आत किती वळतो ते मोजायचं पालथं झोपवून. गुडघा ९० अंशांत वाकवा, एक हात माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर ठेवा आणि पोटरी हळूहळू बाहेर कलू द्या. पोटरी बाहेर जाते तेव्हा मांडी आत वळते. नवशिक्यांचा घोळ इथेच होतो. साधारण ३५ ते ४५ अंश मिळायला हवेत. हाताखालचं हाड उचललं की थांबा, पुढचे अंश खुब्याचे नसून कमरेचे असतात. दुसऱ्या पायापेक्षा कमी मिळाले आणि शेवट रबरासारखा ताणत आला, तर पिरिफॉर्मिस (कुल्ल्यात खोलवर असलेला, मांडी बाहेर वळवणारा स्नायू) आणि त्याच्या शेजारचे स्नायू आखडलेत. दगडासारखा अडला तर ती हाडाची ठेवण. जोर करू नका.

आखडलेल्या बाजूचा कुल्ला तळहाताने २-३ मिनिटं मळा. मग ते सपाट हाड आणि खुब्याचं बाहेरचं टोक यांच्या मधल्या पट्ट्यावर बोटांच्या पेरांनी सावकाश दाब द्या, ३० सेकंद. दाब तसाच ठेवून पोटरी आत-बाहेर डोलवा, ८-१० वेळा. पायात मुंग्या किंवा करंट गेला तर सायटिकाची नस दाबली जातेय, लगेच जागा बदला.

शेवटी पोटरी बाहेर जाईल तिथवर न्या. पेशंटने घोटा तुमच्या हातावर आतल्या बाजूला ढकलायचा, पाचवा हिस्सा ताकदीने, ५-७ सेकंद. सोडल्यावर जितकं आपसूक मिळेल तितकंच पुढे. असं ३ वेळा. गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखलं तर ताण खुब्याऐवजी गुडघ्यावर येतोय, थांबा. जांघेत टोचलं तर सांधा ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवायला सांगा.

लगेच पुन्हा मोजा. ५-१० अंश वाढले तर पुरे, त्याच बैठकीत आणखी मागे लागू नका, दुसऱ्या दिवशी कुल्ला ठणकतो.