राउटर रोज रात्री मान टाकतो? या चुका टाळा

नेट अडकलं की पहिला हात जातो तो रिस्टार्टकडे. थोडा वेळ सगळं सुरळीत, मग पुन्हा तेच. राउटर प्रत्येक कनेक्शनची नोंद ठेवतो आणि रिस्टार्टने ती यादी पुसली जाते, म्हणून बरं वाटतं. यादी भरतंय कोण, हे मात्र कळायचं राहूनच जातं. काही जण रोज पहाटे आपोआप रिस्टार्ट होण्याचा टायमर लावतात. मी त्याला उपाय म्हणत नाही, आळस म्हणतो.

आधी लक्षण नीट बघा. चालू असलेला व्हिडिओ कॉल छान चाललाय, पण नवीन पान उघडेना? मग बहुधा स्पीडचा दोष नाही, यादी भरलीय. जुन्या नोंदी चालू राहतात, नव्याला जागा नाही. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या राउटरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, तेव्हा ‘टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ (यादी भरली, नवं काही घेत नाही) असं स्वच्छ लिहिलेलं असतं. पण लॉग उघडतो कोण!

एका मित्राने याच दुखण्यावर आधी प्लॅन वाढवला, मग महागडा राउटर आणला आणि तो नेट कंपनीने दिलेल्या जुन्या राउटरच्या डब्यामागे जोडला. डबा ब्रिज मोडवर (डबा स्वतः यादी न ठेवता सगळं नुसतं पुढे पाठवतो ती सेटिंग) टाकलाच नाही. म्हणजे सगळी कनेक्शनं अजून त्या जुन्या डब्याच्याही यादीत जात होती. ‘घरात चारच तर मोबाइल आहेत,’ हे त्याचं पालुपद. अरे बाबा, मोबाइल मोजून काय होणार? नव्या राउटरच्या पानावर कनेक्शनची यादी उघडली, तर पानंच्या पानं एकाच आयपीची, म्हणजे घरातल्या एकाच उपकरणाच्या पत्त्याची. आतल्या खोलीत झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप, त्यावर टॉरेंट (एकाच वेळी असंख्य कॉम्प्युटरांशी जोडून फाइल उतरवणारा प्रोग्रॅम) चालू, आणि ‘स्पीड वाढवा’छाप व्हिडिओ बघून कनेक्शनची मर्यादाच काढून टाकलेली. मी एकूण 200 आणि एका टॉरेंटला 50 अशी मर्यादा घातली. माझा नेहमीचा आकडा हाच. डाउनलोडला काही फरक पडत नाही.

टॉरेंट बंद केल्यावर लगेच ‘काहीच झालं नाही’ म्हणून ओरडू नका. नीट न मिटलेली टीसीपी (नेटवरच्या बहुतेक कनेक्शनांची पद्धत) नोंद लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये 5 दिवस राहू शकते. रिस्टार्ट करायचाच तर तो आत्ता, कारण सापडल्यावर. ही मुदत 7440 सेकंदांवर, म्हणजे दोन तासांच्या थोडं वर, आणली तरी चालतं. उतावळे लोक ती 60 वर नेतात आणि मग चॅट सारखं तुटतं म्हणून रडतात.

वायफाय लांबवर पोहोचवणारा रिपीटर घेऊ नका. यादी मुख्य राउटरचीच राहते.

डीएमझेडनेही (बाहेरून येणारी सगळी कनेक्शनं एकाच उपकरणाकडे वळवणारी सेटिंग) काही होत नाही.

यादीची मर्यादा वाढवण्याआधी मोकळी रॅम बघा. 32 एमबीच्या जुन्या राउटरवर मोठा आकडा टाकलात, तर आज नुसता अडखळतो तो उद्या पुरता बंद पडेल.